सेवक आणि शिडी : समाजविकास क्षेत्रातील प्रशिक्षणाचा व पदोन्नतीचा इतिहास

आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एका विद्यार्थिनीने मला विचारलेल्या प्रश्नातून हा लेख सुरू झाला. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली ही मुलगी पदवीनंतर बचत गटांच्या कामात शिरली आणि अकरा वर्षे वस्त्यांमधून फिरते आहे. या काळात तिने सतरा प्रशिक्षणे घेतली. सगळी प्रमाणपत्रे तिने एका फाइलीत लावून ठेवली आहेत आणि ती फाइल ती त्या दिवशी बरोबर घेऊन आली होती. तिने विचारले, "सर, प्रशिक्षणं एवढी झाली, पण पद तेच, मानधनही जवळजवळ तेच. या कामात पुढची पायरी असते का?"

मी भाषेचा शिक्षक. मला उत्तर देता आले नाही. पण आपल्यासारख्या महाविद्यालयांतून दरवर्षी काही विद्यार्थी, आणि त्याहून अधिक विद्यार्थिनी, या क्षेत्रात जातात. त्यांना तिकडे पाठवणारे आपणच असतो. म्हणून या क्षेत्रातली माणसे कोणी, कोठे आणि किती दिवस घडवली, आणि घडल्यावर त्यांना वर जाण्याची वाट ठेवली होती काय, हे जुन्या नोंदींतून पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे. एक गोष्ट आरंभीच सांगतो. आपल्या देशात प्रशिक्षणाची सोय पुन्हा पुन्हा झाली, काही ठिकाणी तर उत्तम झाली. पदाच्या पुढच्या पायरीचा विचार मात्र दर वेळी राहून गेला.

खादिम, मुलाज़िम आणि सेवक

उर्दूमध्ये दोन शब्द वेगळे आहेत. ध्येयासाठी राबणारा तो ख़ादिम आणि पगारावर राबणारा तो मुलाज़िम. मराठीने 'सेवक' या एकाच शब्दावर दोन्ही ओझी घातली. देशसेवक, समाजसेवक हे सेवकच आणि महाविद्यालयातील शिक्षकेतर सेवक हेही सेवकच. सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती, सेवापुस्तक हे कार्यालयीन शब्दही याच धातूतून आलेले. शब्दांची ही सरमिसळ निरुपद्रवी नाही असे माझे मत आहे, कारण ज्याला 'सेवक' म्हटले त्याने पगाराची चौकशी करणे आपल्याकडे थोडे हलके समजले जाते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सदस्यांना पाच वर्षांची उमेदवारी होती. आजच्या कोणत्याही समाजकार्य पदवीपेक्षा ही मुदत मोठी आहे. परंतु सदस्य प्रतिज्ञा घेत की संस्था देईल तेवढ्यावर आपण व आपले कुटुंब समाधान मानू आणि स्वतःसाठी द्रव्यार्जन करणार नाही. तेथे प्रशिक्षण होते, व्यवसाय नव्हता आणि तसा दावाही नव्हता. ती ख़ादिमांची संस्था होती, आणि तिच्यापुरते ते प्रामाणिक होते.

पगारी, प्रशिक्षित समाजसेवक ही कल्पना आपल्याकडे पक्की झाली ती मुंबईच्या नागपाड्यात. मुसलमान वस्तीचा हा भाग आपल्या वाचकांना सांगायला नको. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते १९२५ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी तेथे नागपाडा नेबरहुड हाऊस हे वस्तीकेंद्र चालवले. वस्तीत काम करताना त्यांच्या लक्षात आले की सदिच्छा असलेले लोक पुष्कळ मिळतात, पण घरभेट कशी घ्यावी, नोंद कशी ठेवावी, भांडणात कोणाची बाजू न घेता कसे बसावे हे शिकलेली माणसे मिळत नाहीत. १९३६ साली सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने पदवीधरांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला तो याच वस्तीकेंद्रात. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. १९४४ मध्ये संस्थेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

संस्थेचा हा प्रवास गौरवाचाच आहे. तथापि तिचा आरंभ नागपाड्याच्या गल्लीत झाला आणि प्रतिष्ठा वाढली तशी ती गल्ली मागे राहिली, हेही त्यात दिसते. पुढे इतर संस्थांच्या बाबतीत हेच चित्र पुन्हा दिसणार आहे.

बडोदा आणि इटावा

ग्रामीण बाजूने पाहिले तर एक धागा बडोद्यातून निघतो. दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या कारकिर्दीत, १९३२ साली, संस्थानातील कोसंबा येथे ग्रामपुनर्रचना केंद्र सुरू झाले. त्यासाठी त्रावणकोरातील मार्तंडम केंद्राचे स्पेन्सर हॅच यांचे मार्गदर्शन घेण्यात आले होते. हेच कृष्णम्माचारी पुढे 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेच्या चौकशी समितीचे अध्यक्ष झाले. १९५२ च्या त्या अहवालात राष्ट्रीय विस्तार सेवेची शिफारस आहे. नंतर १९५३ ते १९६० ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. कोसंब्याचा अनुभव दिल्लीच्या टेबलापर्यंत गेला तो असा.

त्याआधी पंजाबात गुडगाव जिल्ह्यात एफ. एल. ब्रेन या अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात 'ग्राममार्गदर्शक' तयार करणारी शाळा काढली होती. साहेबांची बदली झाली आणि योजना कोमेजली. एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभ्या राहिलेल्या कामाचे आपल्याकडे बहुधा असेच होते. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

खरा टप्पा १९४८ चा. संयुक्त प्रांतातील इटावा जिल्ह्यात, महेवा गावाच्या परिसरात, अल्बर्ट मेयर यांच्या पुढाकाराने पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. मेयर हे न्यूयॉर्कचे वास्तुविशारद. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील अभियंता म्हणून ते भारतात होते आणि तेव्हाच त्यांची नेहरूंशी ओळख झाली. चंदीगडचा पहिला आराखडाही यांचाच. प्रथम ६४ आणि नंतर ९७ गावे घेऊन चाललेल्या या प्रकल्पाने जी नवी गोष्ट दिली ती बियाणे किंवा विहीर नव्हे. ती होती एक माणूस. तोपर्यंत शेतकऱ्याच्या दारात शेतीखात्याचा वेगळा, पशुवैद्यकाचा वेगळा, आरोग्याचा वेगळा आणि सहकाराचा वेगळा नोकर येत असे, आणि बहुतेकदा एकही येत नसे. इटाव्यात चार-पाच गावांमागे एकच बहुउद्देशीय कार्यकर्ता नेमला गेला. तो गावातच राहील, सर्व खात्यांचे प्राथमिक ज्ञान त्याला असेल आणि गावाची अडचण तो वरच्या तज्ज्ञापर्यंत नेईल, अशी रचना होती.

हाच आपला ग्रामसेवक.

दहा ग्रामसेवक, एक गटविकास अधिकारी

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. बरोबर एका वर्षाने राष्ट्रीय विस्तार सेवा आली. प्रशासक म्हणून सुरेंद्रकुमार डे यांची नेमणूक झाली होती. त्यांनी फाळणीतील निर्वासितांसाठी नीलोखेडीची वसाहत उभी केली होती आणि १९५६ मध्ये ते या खात्याचे मंत्रीही झाले. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने देशभर प्रशिक्षण केंद्रे निघाली. ग्रामसेवकाचे विस्तारशिक्षण आरंभी सहा महिन्यांचे होते. तेवढ्यात शेतीचे मूलभूत ज्ञानही होत नाही हे दिसल्यावर मुदत वाढत गेली आणि अखेर दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम झाला. त्यात पीक, खत, जनावरांचे रोग, पिण्याच्या पाण्याची विहीर, सहकारी संस्थेची कागदपत्रे, सभा कशी घ्यावी, प्रात्यक्षिक कसे दाखवावे हे सारे होते. मॅट्रिक झालेल्या खेड्यातील मुलाला सरकारने इतके विविध शिक्षण एकत्र दिल्याचे त्यापूर्वीचे उदाहरण मला माहीत नाही.

आता आस्थापनेचा तक्ता पाहू. एका विकास गटात साधारण शंभर गावे. वर एक गटविकास अधिकारी, त्याच्या हाताखाली शेती, पशुसंवर्धन, सहकार, पंचायत, शिक्षण, बांधकाम आदी विषयांचे आठ विस्तार अधिकारी, आणि तळाशी दहा ग्रामसेवक व दोन ग्रामसेविका. विस्तार अधिकारी बहुतांशी त्या त्या खात्यातून पदवी किंवा पदविका घेऊन येत. गटविकास अधिकारी महसूल खात्यातून किंवा थेट भरतीने. म्हणजे तळच्या बारा माणसांच्या डोक्यावर नऊ पदे होती, परंतु त्या नऊ पदांचे दरवाजे दुसऱ्या बाजूने उघडत. बहुउद्देशीय असणे हाच ग्रामसेवकाचा गुण आणि हाच त्याचा अडथळा ठरला. त्याला सगळ्यातले थोडे येत होते. वर चढायला मात्र एकाच विषयातले पुष्कळ लागत होते. वीस वर्षे गाव ओळखणे ही पात्रता कोणत्याही नियमात बसत नव्हती.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ च्या अहवालात या कार्यक्रमात लोकांचा सहभाग पुरेसा आला नसल्याचे नोंदवले आणि त्रिस्तरीय पंचायतींची शिफारस केली. या अहवालाची चर्चा आपण पंचायत राज्याच्या दृष्टीने नेहमी करतो. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीनेही ती करायला हवी. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामसेवक तिच्या आस्थापनेवर गेला. हळूहळू तो ग्रामपंचायतीचा चिटणीस झाला. दप्तर, करवसुली, दाखले, सभेचे इतिवृत्त हे त्याचे मुख्य काम झाले. इटाव्याचा शेतातला माणूस खुर्चीवर आला आणि त्याचे प्रशिक्षणही कायदा व हिशेब यांकडे वळले. याला अधोगती म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. गावाला दप्तरही नीट हवे असते, आणि चिटणीसपदामुळेच ग्रामसेवकाला निश्चित कर्तव्ये, वेतनश्रेणी आणि सेवापुस्तक मिळाले. महाराष्ट्रात त्याच्यासाठी ग्रामविकास अधिकारी आणि पुढे विस्तार अधिकारी (पंचायत) अशा पायऱ्याही झाल्या. आरंभीची काही वर्षे कंत्राटी ग्रामसेवक म्हणून काढायची अट नंतर आली, हा भाग वेगळा. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदे मिळून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे एकच पद करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. कर्नाटकात, म्हणजे आमच्या सीमाभागात, त्या जागी आज 'पंचायत विकास अधिकारी' आहे. अशा रीतीने बहात्तर वर्षांनी 'सेवक' हा शब्दच दोन्ही राज्यांत त्या खुर्चीवरून उठला.

गारगोटी आणि जामिया

निपाणीहून मुधाळतिट्टा मार्गे गारगोटीला जाताना मला नेहमी वाटते की आपल्या इतक्या जवळ एक मोठा प्रयोग झाला आणि आपण तो विसरलो. जे. पी. नाईक यांनी तेथे मौनी विद्यापीठ उभे केले. हेच नाईक सय्यद नुरुल्ला यांचे सहलेखक. भारतीय शिक्षणाच्या इतिहासावरील या दोघांचा ग्रंथ आपल्यापैकी अनेकांनी बी.एड.ला वाचलेला असेल. १९५० च्या दशकात श्रीमाळी समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षण संस्थांची योजना आखली आणि १९५६ पासून निवडक ठिकाणी ग्रामीण सेवा पदविकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्या यादीत गारगोटी आणि अमरावती होती, गांधीग्राम होते आणि दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामियाही होती. कोल्हापूर जिल्ह्यातील एक खेडे आणि ओखल्यातील जामिया एकाच पदविकेचे विद्यार्थी घडवत होते.

अडचण वर्गात नव्हती, वर्गाबाहेर होती. केंद्र सरकारने ही पदविका पदवीसमान मानली, तरी पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी आणि नोकरभरतीत ती समानता सगळीकडे सहज मान्य होईना. पालकांनाही 'बी.ए.' हे दोन अक्षरी नाव कळत होते, हे नवे नाव कळत नव्हते. पुढे यातील बहुतेक संस्था कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाच्या छत्राखाली गेल्या आणि नेहमीच्या पदव्या देऊ लागल्या. नाईक स्वतः १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. देशभराच्या शिक्षणाची मांडणी करणाऱ्या या माणसाच्या गावच्या प्रयोगाला पदवीच्या नावासाठी झगडावे लागले. जामियात १९६७ मध्ये समाजकार्याचे स्वतंत्र अध्यापन सुरू झाले, आणि तेथून पुढचा रस्ता विद्यापीठीय पदवीचाच राहिला.

हैदराबाद : एका शहरात दोन वाटा

ग्रामसेवकांना शिकवणाऱ्यांना आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांना कोठे शिकवायचे, या गरजेतून १९५८ मध्ये मसुरीला सामूहिक विकासाची केंद्रीय संस्था निघाली. १९६५ पर्यंत ती हैदराबादच्या राजेंद्रनगरात आली. १९७७ मध्ये ती राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्था झाली आणि २०१३ मध्ये तिच्या नावात पंचायत राज हे शब्द जोडले गेले. विस्तीर्ण आवार, वसतिगृहे, ग्रंथालय, संशोधन पत्रिका, आणि अलीकडच्या काळात पदवीधरांसाठी निवासी पदव्युत्तर पदविका, असा तिचा व्याप आहे.

त्याच सुमारास, १९६७ साली, हैदराबाद महानगरपालिकेने जुन्या शहरात नागरवस्ती विकासाचा प्रकल्प सुरू केला. केंद्राच्या नागरी सामूहिक विकास योजनेतून देशातील काही शहरांत असे प्रकल्प निघाले होते. बडोद्यातही १९६६ मध्ये नागरिक परिषद स्थापन झाली आणि तेथील विद्यापीठाच्या समाजकार्य शाखेचा तिच्याशी निकटचा संबंध राहिला. बहुतेक शहरांत ही योजना क्षीण झाली, हैदराबादेत मात्र वाढली. पैसा थोडा होता. त्यामुळे प्रत्येक कामात वस्तीचा वाटा घ्यावा लागे आणि त्यासाठी वस्तीत सतत जाणारी माणसे लागत. ती म्हणजे समूह संघटक आणि समूह संघटिका. बालवाडी, शिवणवर्ग, महिला मंडळ, तरुणांचे मंडळ अशी सुरुवात होई. पडद्यातल्या स्त्रियांपर्यंत शिवणवर्गाच्या निमित्तानेच जाता येत होते, आणि तेथे संघटिकाच जाऊ शकत होती. १९७० च्या दशकात युनिसेफचे साहाय्य आले, पुढे बँकांच्या कर्जातून वस्तीतील लोकांनी स्वतःची घरे बांधली, १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारची मदतही आली. विल्यम कझिन्स आणि कॅथरीन गॉयडर यांनी १९७९ मध्ये या प्रकल्पावर पुस्तक लिहिले आणि जगभरच्या अभ्यासकांचे त्याकडे लक्ष गेले.

राजेंद्रनगर आणि चारमिनार यांत अंतर किती? बसने तासाभराचे. परंतु समाजविकासाच्या कामाची दोन टोके मला या शहरात दिसतात. एका टोकाला शिकवण्याची सर्व सोय आहे, आणि शिकणारा बहुधा अधिकारी किंवा पदवीधर आहे. दुसऱ्या टोकाला घराच्या उंबऱ्यावर बसून दख्खनीत किंवा तेलुगूत बोलणारी संघटिका आहे. तिच्या हातचे काम जगभर पाहिले गेले, पण तिचे नाव पुस्तकात येत नाही. मधली शिडी कोणी बांधली नाही.

या प्रकल्पातून आणि तशा इतर अनुभवांतून पुढच्या केंद्रीय योजना घडल्या. १९९० च्या गरिबांसाठीच्या नागरी मूलभूत सेवा योजनेत वस्तीतील रहिवासी स्वयंसेविकांवर भिस्त होती. १ डिसेंबर १९९७ ला आलेल्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेत सुमारे दोन हजार कुटुंबांमागे एक समूह संघटक, शक्यतो स्त्री, असा निकष होता. इटाव्यात चार-पाच गावांमागे एक माणूस होता. येथे एका बाईच्या वाट्याला दोन हजार चुली आल्या. २०१३ मध्ये या योजनेची जागा राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने घेतली. ग्रामीण भागात २०११ पासूनच्या अभियानात समुदाय संसाधन व्यक्ती हे पद आले. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाच्या सहयोगिनीही याच कुळातल्या. नावे बदलली, आणि खरे तर प्रशिक्षणेही सुधारली. पूर्वी नसलेले हिशेबाचे, बँकव्यवहाराचे, मोबाइलवरील नोंदींचे शिक्षण आता मिळते. पण ग्रामसेवकाजवळ असलेली एक वस्तू यांतील बहुतेकींजवळ नाही. ती म्हणजे सेवापुस्तक. काम योजनेचे, मुदत योजनेची, आणि योजनेचे नाव बदलले की अनुभवाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या विद्यार्थिनीच्या सतरा प्रमाणपत्रांचे कोडे येथे उलगडते. ती एकावर एक चढवायच्या विटा नाहीत. प्रत्येक योजनेने आपल्या गरजेपुरते दोन-तीन दिवसांचे शिक्षण तिला दिले. पुढच्या पदाची पात्रता म्हणून ते कोणीही मोजत नाही, आणि ते मोजले जावे असा कोणाचा हेतूही नव्हता. पायरी हवी असेल तर ती आजही विद्यापीठीय पदवीतूनच जाते. नागपाड्याची शाळा पदवीधरांसाठी निघाली तेव्हा जे ठरले, गारगोटीच्या पदविकेच्या वेळी जे सिद्ध झाले, त्यात अजून फरक नाही. तिला मी हेच सांगितले आणि दोन रस्ते दाखवले. एक इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा एम.एस.डब्ल्यू., तो नोकरी सांभाळून करता येतो. दुसरा हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठातील एम.एस.डब्ल्यू., तो उर्दू माध्यमातून आहे, पण घर सोडावे लागते. ती म्हणाली, "सर, हे मला बी.ए.च्या वेळी कोणी सांगितलं असतं तर?" त्या वेळी तिच्या वर्गावर मीच होतो.

या विषयावर आपल्या महाविद्यालयांतून करण्याजोगे एक संशोधन आहे आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. १९६० च्या दशकात भरती झालेले ग्रामसेवक आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांतले उर्दू शाळेतून शिकून, मराठीत किंवा कन्नडमध्ये दप्तर लिहिणारे लोक आपल्याच मोहल्ल्यांतून आहेत. ग्रामसेवकाला रोजची दैनंदिनी लिहावी लागे : कोणत्या गावी गेलो, कोणाला भेटलो, काय सांगितले. आमच्या गल्लीतील एका निवृत्त ग्रामसेवकांकडे अशा वह्यांची पत्र्याची पेटी आहे. मी दोनदा ती पाहायला गेलो. मराठी नोंदींच्या मध्येमध्ये, साहेबाला वाचता येऊ नये म्हणून असेल, त्यांनी काही ओळी उर्दूत लिहिल्या आहेत. त्यांच्या नातवाला ती जागा कपाटासाठी हवी आहे. रमज़ाननंतर आमचे एम.ए.चे चार विद्यार्थी त्या वह्यांची यादी करायला बसणार आहेत.